आम्ही जाणारी माणसं

अंबूताई टिकेकरांना सरळ समोर बघून चालताना मी कधी पाहिलं नाही. मान वर, नजर दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर, आणि पाय मात्र स्वतःच्या अकलेनं गटारं, केळीची सालं आणि रस्त्यात बसलेले बैल चुकवत निघालेले. भवानीपूरच्या गल्ल्यांतून त्यांच्या मागून धावताना माझा जीव मेटाकुटीला यायचा. "ती बघ, खडखडी बंद," त्या मधेच थांबून म्हणायच्या. खडखडी म्हणजे कलकत्त्याच्या खिडक्यांना असतात ती हिरवी, लाकडी पट्ट्यांची दारं. "कबुतरं कशी निवांत बसलीत बघ. बऱ्याच दिवसांत कुणी उघडली नाही. गॅलरीत साडी नाही, लुंगी नाही. चल, विचारू." मी 'अहो, परक्याच्या घरात असं कसं' म्हणेपर्यंत त्या कडी वाजवून मोकळ्या झालेल्या असायच्या.

आडनाव टिकेकर, आणि बाई कुठं टिकतील तर शपथ. लग्न होऊन कलकत्त्याला आल्यापासून हे कितवं घर, असं विचारलं की त्या बोटं मोजायला लागायच्या आणि दुसऱ्या हातावर आल्या की कंटाळून सोडून द्यायच्या. एक घर दंगलीत सोडावं लागलं. एक मालकाच्या ढाक्याहून आलेल्या भावानं घेतलं. एक तर घरासकट गेलं, कारण मालकानं ते पाडून तिथं फ्लॅटची उंच इमारत बांधायला काढली. अप्पा टिकेकर बिचारे शांत गृहस्थ, एका विलायती चहा कंपनीत हिशेबनीस. एकदा ते ऑफिसातून सवयीनं जुन्याच घरी गेले, जिना चढून वर गेले आणि परक्या बाईच्या हातून चहा पिऊन परत आले. "चहा बरा होता," एवढंच त्यांनी सांगितलं. अंबूताई तो किस्सा हसत सांगायच्या, पण सांगून झाल्यावर उगाचच उठून भांडी आवरायला लागायच्या.

आम्ही मिरजेहून कलकत्त्याला आलो ते याच धामधुमीत. ह्यांची केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात बदली झाली होती. फाळणीनंतरचा काळ. सियालदा स्टेशनावर उतरलेली कुटुंबं फलाटावरच चुली मांडून राहिलेली, आणि शहरात जागा म्हणून मिळत नव्हती. लढाईच्या आधी म्हणे गल्लोगल्ली 'भाड्यानं देणे' अशा पाट्या लटकत असायच्या. मी आले तेव्हा पाटी हा प्रकारच नाहीसा झाला होता. नव्या भाडेकायद्यामुळं भाडेकरूला सहजी हलवता येईना, म्हणून मालक जागेला कुलूप घालून बसत, पण देत नसत. दिलीच तर आधी सलामी मागत. मुंबईत जिला पगडी म्हणतात तीच ही सलामी. नाव काय ते सभ्य. आम्ही महाराष्ट्र मंडळाच्या एका पाहुणेखोलीत पडलो होतो आणि तिथूनही 'कधी निघताय' असं दर दोन दिवसांनी गोड आवाजात विचारणं चालू झालं होतं.

तिथंच अंबूताई मला पहिल्यांदा भेटल्या. आल्या त्या चपला न काढताच म्हणाल्या, "मिरजेची का तू? जिना चढता येतो ना? मग ऊठ."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एकटीला एका पत्त्यावर पाठवलं. तिथला दरवान बिहारी होता. मी माझ्या मिरजी हिंदीत विचारलं, "जगा है क्या?" तो म्हणाला, "ऊपर खाली है." मी चक्रावले. म्हटलं, वर की खाली, एक काय ते सांग! तो पुन्हा म्हणाला, "हाँ हाँ, ऊपर खाली है." मी वाकून तळमजल्यात डोकावले, तर तिथं एक बंगाली कुटुंब मासे साफ करत बसलं होतं. परत येऊन मी अंबूताईंना सांगितलं, "वरचं कुठलंतरी खाली आहे म्हणाला, पण खाली माणसं राहतायत हो." त्या आधी कळवळल्या, मग कपाळावर हात मारला, आणि मग जे हसायला लागल्या ते खोकला लागेपर्यंत. खाली म्हणजे रिकामं, हे मला कळेस्तोवर ती जागा एका पंजाब्यानं घेतली होती. पुढं आमच्या बायकांत ती म्हणच पडली. हळदीकुंकवाला भेटलं की पहिला प्रश्न, "काय गं, कुठं वर खाली आहे का?"

पण दुसरी जागा त्यांनी मला मिळवून दिली, आणि ती कशी मिळवली ते मी डोळ्यांनी पाहिलं. कालीघाटाजवळ एक चष्मेवाले बाबू दारात उभे राहून आम्हाला आत न घेता नाहीच म्हणत होते. अंबूताईंनी पदर सावरला आणि त्यांच्या त्या भीषण बंगालीत म्हणाल्या, "आमरा तो जाबार मानुष." आम्ही तर जाणारी माणसं. बरोबर आलेल्या ह्यांच्याकडं बोट दाखवून सांगितलं, बदलीचा माणूस आहे, सरकार दोन-तीन वर्षांत उचलेल, कायद्याचं बोट धरून तुमच्या छातीवर बसणार नाही. बाबूंचा चेहरा उजळला. अख्ख्या शहरात त्या वेळी मालकांना एकच भाडेकरू हवा होता, जो जाईल तो. ही मेख अंबूताईंनी सगळ्यांच्या आधी ओळखली होती. सलामीचं नावही न काढता किल्ली आमच्या हातात आली.

जिना उतरताना मी म्हटलं, "अहो, जाणारी माणसं काय म्हणता! ऐकायला कसंतरीच वाटतं."

"मग काय, राहणारी म्हणू? राहणाऱ्याला इथं उभं कोण करतंय?" त्या म्हणाल्या. आणि रस्त्यावर येताच मान पुन्हा वर.

त्यांची घर शोधण्याची आणखी एक रीत होती. रस्त्यानं सामानाचा ठेला जाताना दिसला, खाट, कपाट, मडकी, वर उलटी बांधलेली खुर्ची, की त्या ठेला आला त्या दिशेनं उलट चालायला लागायच्या. सामान निघालंय म्हणजे मागं कुठंतरी जागा रिकामी झालीय, हा हिशेब. वाटेत पानवाल्याला, धोब्याला विचारत बरोब्बर त्या दारापर्यंत पोचायच्या. एकदा अशीच नवीकोरी खाट, आलमारी आणि आरसा घेऊन ठेला चालला होता. "उच्च घरातलं बिऱ्हाड दिसतंय, जागा चांगली असणार," असं म्हणत आम्ही उलट निघालो आणि पोचलो ते सनई वाजत असलेल्या एका लग्नघरी. बंगाल्यांत मुलीबरोबर खाट-कपाट सासरी धाडतात हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. मी पळ काढायच्या बेतात होते. पण कुणीतरी आम्हाला नवऱ्याकडच्या समजून पंक्तीत बसवलं, आणि अंबूताई लुच्या, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, खात शेजारच्या बाईशी गप्पा मारत बसल्या. उठल्या तेव्हा त्यांना कळलं होतं, की नवरीचे काका पुढच्या महिन्यात जमशेदपूरला जाणार आहेत आणि त्यांच्या दोन खोल्या मोकळ्या होतील. त्या खोल्यांत पुढं आमच्यातलं एक नागपूरकर बँकवाल्यांचं बिऱ्हाड राहिलं.

अंबूताईंच्या घरून निघताना 'येते हं' म्हटलं की त्या कधीही दारातून 'ये' म्हणायच्या नाहीत. "थांब, मीही येते ट्रामपर्यंत," म्हणून पायात चपला सरकवायच्या. घरात बसणं त्यांना जमतच नसे. ट्रामपर्यंत जाताजाता दोन घरं बघून व्हायची. कधीकधी मला वाटायचं, ह्या बाईला कुठल्याच उंबऱ्यावर उभं राहून कुणाला 'ये' म्हणायचं धाडस होत नाही. उंबरा आपला नाही, हे त्या क्षणभरही विसरत नसत.

घरातही तेच. भिंतीला खिळा नाही. दत्ताची तसबीर ट्रंकेवर टेकून ठेवलेली. "आमचे दत्त प्रवासात असतात," त्या म्हणायच्या. सामान बांधायची गोणपाटं धुऊन, घडी घालून कॉटखाली तयार. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, तसं. मला त्यांच्याकडं गेलं की आपणच आता कुठंतरी निघायचंय असं वाटून बसवत नसे.

त्या वेळी त्या भवानीपुरात मित्रांच्या घरी वरच्या मजल्यावर राहत. मित्र हे त्या घराचं आडनाव. घराच्या मालकीणबाई विधवा. पांढरं पातळ, तोंडात पान, सगळी गल्ली त्यांना गिन्नीमा म्हणायची. गिन्नीमांनी जागा दिली तीही त्याच वाक्यावर. "माझी माणसं पूर्व बंगालात आहेत," त्यांनी तेव्हा सांगितलं होतं. "त्यांना जागा लागेल तेव्हा मी तुला कसं उठवू?" अंबूताई म्हणाल्या होत्या, "आमरा तो जाबार मानुष, मा. उठवावं लागणारच नाही." आता खरं सांगायचं तर ही शुद्ध थाप होती. अप्पांची बदली व्हायची ती फार तर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर.

पण त्या घरात काहीतरी झालं. गिन्नीमा आणि त्यांचं गूळपीठ जमलं. एक पान लावायची, दुसरी पोहे धाडायची. गिन्नीमांना पोहे कळत नसत, तरी ताट चाटूनपुसून परत यायचं. अशी काही वर्षं गेली, आणि एक दिवस मी गेले तर दत्त भिंतीवर! खाली पांढरा चुरा अजून झाडायचा होता. अंबूताई हातोडी घेऊन, चोरी पकडल्यासारख्या माझ्याकडं बघत उभ्या होत्या.

"खिळा?" मी म्हटलं.

"गिन्नीमाच म्हणाल्या, देवाला किती दिवस जमिनीवर ठेवशील. मी काय करू!" त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्या मला ट्रामपर्यंत सोडायला आल्या, पण वाटेत एकदाही त्यांनी मान वर केली नाही. मला इतका आनंद झाला की मी ह्यांना येऊन सांगितलं, अंबूताई टिकल्या एकदाच्या.

माझीच दृष्ट लागली म्हणायची. त्याच पावसाळ्यात गिन्नीमांची मुलगी पूर्व बंगालातून, खुलन्याहून आली. नवरा, दीर, जाऊ, पोरं, आणि हातात फक्त एक कंदील आणि बोचकी. सगळी माणसं तळमजल्याच्या दोन खोल्यांत कोंबली गेली. गिन्नीमा स्वतः जिन्याखालच्या अडगळीत झोपू लागल्या. त्यांनी अंबूताईंना एका शब्दानं काही म्हटलं नाही. पान तसंच वर येत राहिलं.

हेच अंबूताईंना सहन होईना. पोरांच्या रडण्याचा आवाज जिन्यातून वर यायचा आणि त्या खोलीतल्या खोलीत येरझारा घालायच्या. आमच्या मंडळींत ही बातमी पसरली तेव्हा देशपांडे वकील मुद्दाम त्यांच्या घरी आले. मीही तिथंच होते. "वहिनी, अजिबात हलू नका," ते म्हणाले. "कायदा तुमच्या बाजूनं आहे. ती बाई काही करू शकत नाही."

"ती काही करतच नाहीये हो, तोच तर घोळ आहे," अंबूताई म्हणाल्या.

"मग झालं तर!"

"झालं कसं? शब्द मी दिलाय. आणि माझ्या एकटीचा थोडाच आहे तो? हा मराठी माणूस, हा जाणारा, म्हणून किती दारं उघडली मी ह्या गावात. मीच बसले उद्या पाय रोवून, तर हिच्यासारखी कुणी मिरजेहून येईल, तिला कोण उभं करेल?" असं म्हणताना त्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. मला तिथून उठून जावंसं वाटलं. मला त्यांचं पटत होतं आणि त्यांनी जाऊ नये असंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी.

अप्पा म्हणाले, "आता चढवत नाही गं जिने." एवढंच. मग ते पेपर वाचू लागले, पण पान उलटलं नाही.

आणि पुन्हा आम्ही दोघी रस्त्यावर. पण दिवस बदलले होते. बालिगंजकडं नव्या इमारती उठत होत्या, तिथले फ्लॅट कंपन्या आपल्या साहेबांसाठी आधीच धरून ठेवत. साहेबलोक विलायतेला निघून गेले तरी त्यांच्या जागा मारवाडी शेठ घेत. उरलेल्या घरांत एकेका खोलीत एकेक कुटुंब. शेवटी बालिगंजजवळच्या सरोवराच्या बाजूला एक जागा सापडली. खडखडी बंद, कबुतरं निवांत, सगळी लक्षणं जुळलेली. मालक भला माणूस, रिटायर्ड मास्तर. त्यानं आत बसवलं, पाणी दिलं, खोल्या दाखवल्या. दक्षिणेला खिडकी, वारा भरपूर. मग त्यानं नेहमीचा प्रश्न विचारला, "कतोदिन थाकबेन?" किती दिवस राहाल?

मी अंबूताईंकडं पाहिलं. आता ते वाक्य येणार. शंभरदा ऐकलेलं, मलाही पाठ झालेलं. त्यांनी पदर सावरला, तोंड उघडलं. मास्तर वाट बघत होते. मी हळूच अंबूताईंना कोपरानं ढोसलं.

"थाकबो," त्या म्हणाल्या. राहीन. आणि मग एकदम आवाज चढला. मराठीतच म्हणाल्या, "राहीन! मरेपर्यंत राहीन. नाही जायचं मला आता कुठं."

मास्तरांना शब्द कळले नसतील, पण अर्थ कळला. त्यांनी अतिशय नम्रपणे आम्हाला दारापर्यंत पोचवलं. जिन्यात मी चिडले. "एक वाक्य बोलायचं होतं अंबूताई! आजवर माझ्यासाठी, सगळ्यांसाठी बोललात!"

"तुमच्यासाठी बोलताना ते खरं होतं," त्या म्हणाल्या. "माझ्या तोंडून निघेना गं." आणि तिथंच पायरीवर बसून त्या रडल्या. अंबूताईंना मी रडताना तेवढंच पाहिलं.

पुढं जे घडलं त्यात शहाणपण किती आणि हट्ट किती, हे मला आजही सांगता येणार नाही. अप्पांची चहा कंपनी त्याच सुमाराला गोऱ्या मालकांनी विकली आणि जुन्या माणसांना फंड देऊन घरी बसवलं. तो फंड घेऊन अंबूताईंनी कलकत्त्याबाहेर, बजबजच्या रेल्वेलाइनीवर, एका लहानशा स्टेशनापासून आत, तळ्याकाठी जमिनीचा तुकडा घेतला. वीज नाही, रस्ता नाही. आमचे हे म्हणाले, "तिथं रात्री कोल्हे ओरडतात." देशपांडे वकिलांनी तर बोलणंच टाकलं. चांगलं भवानीपूर, कायद्यानं हातात असलेलं, सोडून कुणी चिखलात जातं?

त्या निघाल्या त्या दिवशी मी मदतीला गेले होते. गोणपाटं कॉटखालून बाहेर आली. दत्त फडक्यात गुंडाळले. मी खिळा उपटायला गेले तर अंबूताई म्हणाल्या, "राहू दे. त्यांना लागेल." खाली गिन्नीमा दारात उभ्या होत्या, मागं सगळी पोरं. अंबूताई वाकून त्यांच्या पाया पडल्या. मराठी बाई, घरातून निघताना 'येते' म्हणायची सवय जन्माची. पण त्या दिवशी त्या खाली बघूनच बंगालीत म्हणाल्या, "जाई, मा." जाते.

गिन्नीमांनी त्यांची हनुवटी धरली. "जाई बोलते नेई," त्या म्हणाल्या. "बोलो, आशी." जाते म्हणू नये, येते म्हण. आपल्याकडं माहेरच्या दारात आई हेच तर बजावते. अंबूताईंनी दोनदा प्रयत्न केला. 'आशी' काही जमलं नाही. मग त्या ठेल्यामागून चालू लागल्या.

मी गल्लीच्या तोंडाशी थांबले होते. समोरून एक तरुण जोडपं येत होतं. त्यांनी ठेल्यावरचं सामान पाहिलं, एकमेकांकडं पाहिलं, आणि ठेला आला त्या दिशेला भराभर निघाले. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, ती जागा भरलीय.

पुढच्या वर्षी ह्यांची दिल्लीला बदली झाली. सामान बांधून झालं आणि निरोप घ्यायला मी बजबजच्या गाडीनं गेले. बांधांवरून, तळ्यांच्या कडेनं विचारत विचारत पोचले. एक खोली उभी होती, वर पत्रा, भिंतींना गिलावा नाही, आणि नुसत्या विटांत ठिकठिकाणी खिळेच खिळे. दत्त, कॅलेंडर, अप्पांची छत्री, पिशवी, चाळणी, सगळं टांगलेलं.

"गिलावा करताना सगळे उपटावे लागतील की," मी म्हटलं.

"मग पुन्हा ठोकेन. माझी भिंत आहे." त्यांनी पोहे केले. मधेच म्हणाल्या, गिन्नीमा येऊन गेल्या, नातवाचा हात धरून, गाडीत आयुष्यात पहिल्यांदा बसल्या आणि वाटभर जपमाळ ओढत होत्या. शेजारी सगळे पूर्व बंगालातून आलेले. त्यांच्याशी अंबूताईंचं भांडणही झालेलं होतं, कुंपणावरून. ते सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला होता, की मला तेच सगळ्यात जास्त लक्षात राहिलं. अप्पा बाहेर तळ्याकडं बघत खुर्चीत बसले होते. बरे दिसत होते, पण थकलेले.

गाडीची वेळ झाली. मी उठले. माझं सामान स्टेशनावर जायचं होतं, कुठल्या घरात उतरणार ते ठाऊक नव्हतं, दिल्लीत कुणी ओळखीचं नव्हतं. मी चपला घातल्या आणि सवयीनं थोडी थांबले, त्या बरोबर निघतील म्हणून. त्यांचा एक पाय चपलेकडं गेलाही. मग तो त्यांनी मागं घेतला.

"मी नाही येत स्टेशनापर्यंत," त्या म्हणाल्या. "इथूनच."

मी अंगण उतरले, बांधावर गेले, आणि मागं वळून म्हटलं, "येते हं, अंबूताई."

पत्र्याच्या सावलीत, स्वतःच्या उंबऱ्यात दोन्ही पाय घट्ट रोवून त्या उभ्या होत्या. मान सरळ. नजर समोर, माझ्यावर.

"ये हं," त्या म्हणाल्या.